न सरावणारे कान

नव्या बिऱ्हाडात राहावयास गेलेल्या मनुष्यास पहिल्या रात्री जी पंख्याची घरघर ऐकू येते, गच्चीवरील टाकी भरून पाणी वाहू लागले म्हणजे जो खळखळाट त्याला जागे करतो, आणि पहाटे रेल्वेच्या फाटकावरून जाणाऱ्या मालगाडीचा जो धडधडाट त्याची झोप पार उडवून देतो, ते सारे आवाज आठ-पंधरा दिवसांत त्याच्यापुरते नाहीसे होतात. पंखा थांबलेला नसतो आणि मालगाडीची वेळही बदललेली नसते. त्याच्या मज्जासंस्थेने मात्र या आवाजांची एकदा रीतसर चौकशी करून, यांच्यापासून भय नाही आणि लाभही नाही अशी खात्री पटल्यावर, ते दप्तरदाखल करून टाकलेले असतात. ही सवय आपल्याला इतक्या अनायासे लाभलेली असते की ती एक स्वतंत्र शक्ती आहे हे सहसा कोणाच्या ध्यानातच येत नाही. आणि म्हणूनच, जिच्या ठायी ही शक्ती अल्प आहे अशी एखादी व्यक्ती वयाच्या चाळिसाव्या वर्षीही कुकरच्या शिट्टीने दचकून उठते, तेव्हा घरचे व दारचे सर्व जण मोठ्या सद्भावाने तिला एकच उपदेश करतात : हळूहळू सवय होईल.

स्वमग्न प्रौढांना आवाजाचा जो त्रास होतो त्याचा विचार मला या उपदेशापासूनच सुरू करावासा वाटतो. उपदेश करणाऱ्याच्या मनात कठोरता नसते, उलट स्वतःच्या अनुभवाचा दाखला त्याच्या पाठीशी असतो. परंतु ज्या क्षमतेच्या भरवशावर तो हे बोलतो, नेमकी तीच समोरच्या माणसाच्या मेंदूत वेगळ्या रीतीने चालते. ही गोष्ट जोवर मान्य होत नाही तोवर मदतीच्या नावाखाली आपण जे जे करतो, मग ते मिरवणुकीत मुद्दाम नेणे असो वा लग्नाच्या मांडवात बँडच्या शेजारी बसवणे असो, त्याने त्रासात भरच पडते.

सवय जडणे ही मेंदूत प्रत्यक्ष मोजता येणारी घटना आहे. एखादे निरुपद्रवी उद्दीपन पुनःपुन्हा येऊ लागले की त्याला मिळणारा चेतापेशींचा प्रतिसाद उत्तरोत्तर क्षीण होत जातो, आणि भयाची सूचना देणारे अमिग्डाला नावाचे जे बदामाच्या आकाराचे केंद्र मेंदूच्या अंतर्भागी आहे, तेही पहिल्या काही वेळांनंतर शांत होते. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील शुलामाइट ग्रीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, स्वमग्न कुमारांना किंचित त्रासदायक असे आवाज व स्पर्श वारंवार देऊन त्यांच्या मेंदूचे प्रतिमांकन केले. ज्या मुलांना अशा संवेदनांचा त्रास अधिक होतो असे त्यांच्या पालकांनी सांगितले होते, त्यांच्या बाबतीत अमिग्डालाचा आणि संवेदन-केंद्रांचा प्रतिसाद अपेक्षेप्रमाणे उतरला नाही. दहाव्यांदा आलेला आवाज त्यांच्या मेंदूच्या लेखी बव्हंशी पहिल्यासारखाच नवा होता.

स्वमग्नतेच्या शास्त्रीय वाङ्मयात ही गोष्ट आरंभापासून नोंदलेली आहे, आणि तरीही ती दीर्घकाळ दुय्यम मानली गेली, याचा मला खेद वाटतो. मॉस्कोमध्ये काम करणाऱ्या ग्रुन्या सुखारेवा या मनोवैद्य विदुषीने 1926 साली जर्मन भाषेत प्रसिद्ध केलेल्या निबंधात सहा मुलांची जी वर्णने आहेत, त्यांत गोंगाट टाळणे व शांत जागा शोधणे यांचा उल्लेख आढळतो. पुढे 1943 साली बॉल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या लिओ कॅनर यांनी 11 मुलांवर आपला सुप्रसिद्ध निबंध लिहिला, आणि त्यात या मुलांना धडकी भरवणाऱ्या वस्तूंची एक यादीच दिली : तीनचाकी सायकली, झोपाळे, लिफ्ट, धूळ ओढून घेणारे यंत्र, वाहते पाणी, गॅसची शेगडी, यांत्रिक खेळणी, अंडी फेटण्याचे उपकरण, आणि प्रसंगी नुसता वारासुद्धा. या यादीनंतर त्यांनी जे निरीक्षण नोंदवले ते यादीहूनही मोलाचे आहे. ज्या आवाजाने मूल भयभीत होते तेवढाच मोठा आवाज ते स्वतः मोठ्या आनंदाने करू शकते, तेव्हा भीती आवाजाची खास नव्हे, असे त्यांनी म्हटले. आणि मुलाच्या एकांतावर तो आवाज आक्रमण करतो म्हणून ते घाबरते, असा त्याचा अर्थ लावला. निरीक्षण अचूक होते. अर्थाविषयी मात्र आज वेगळे बोलावे लागते. या साऱ्या नोंदी असूनही अमेरिकन मनोवैद्यक संघटनेच्या निदानग्रंथाच्या पाचव्या आवृत्तीत संवेदनांच्या तीव्रतेला निकषांमध्ये स्पष्ट स्थान मिळावयास 2013 साल उजाडावे लागले.

स्वतः केलेला आवाज आणि बाहेरून आलेला आवाज यांत फरक कोणता? स्वतःच्या आवाजाची वार्ता मेंदूला आगाऊ असते. हात थाळीवर आपटणार हे ज्या मेंदूने ठरवले, त्यानेच श्रवणकेंद्राला त्याची वर्दी दिलेली असते, म्हणून तो आवाज कानावर पडतो तेव्हा त्यात अनपेक्षित असे काही उरत नाही. किंबहुना आधुनिक मेंदूविज्ञान असे मानते की आपले सारेच ऐकणे या पूर्वानुमानावर चालते : पूर्वीच्या अनुभवाच्या आधारे पुढे काय येणार याचा अंदाज मेंदू अखंड बांधत असतो आणि अंदाजाशी जे जुळत नाही तेवढ्याचीच विशेष दखल घेतो. लिझ पेलिकानो व डेव्हिड बर या संशोधकांनी 2012 साली असा विचार मांडला की, स्वमग्न व्यक्तींच्या मेंदूत पूर्वानुभवाच्या या अंदाजांचे वजन कमी असते, आणि प्रत्यक्ष इंद्रियांकडून येणारी वार्ता त्या मानाने अधिक निखळ, अधिक असंस्कारित स्वरूपात पोचते. ही अजून उपपत्तीच आहे आणि तिच्यावर वादही झाले आहेत. तथापि कॅनर यांच्या निरीक्षणाचा उलगडा तिने जसा होतो तसा एकांताच्या कल्पनेने होत नाही.

माझ्या परिचयातील एक गृहस्थ जिल्ह्याच्या ठिकाणी एका कचेरीत अभिलेखांचे काम पाहतात. मुलाच्या तपासणीच्या निमित्ताने, स्वतःची पंचेचाळिशी उलटल्यावर, त्यांचे निदान झाले. त्यांच्या वृद्ध मातोश्रींना स्वमग्नता हा शब्द निदानाच्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हता, परंतु स्वयंपाकघरात मिक्सरला हात लावण्यापूर्वी 'अरे, मिक्सर लावतेय हं' अशी हाक द्यायची आणि पाच-सात क्षण थांबायचे, हा त्यांचा रिवाज मुलाच्या लहानपणापासून चालत आलेला आहे. कुकर चढवला की 'आज तीन शिट्ट्या' असे त्या सांगून ठेवतात. तीन शिट्ट्या तो मुलगा, जो आता स्वतः बाप झाला आहे, मान खाली घालून सोसतो. एखाद्या दिवशी चौथी झाली तर मात्र हातातले वर्तमानपत्र चुरगळते. चौथी शिट्टी पहिल्या तिघींहून मोठी नसते. तिची वर्दी मिळालेली नसते, एवढाच तिचा अपराध. या माउलीने प्रयोगशाळेवाचून, केवळ मुलाच्या चेहऱ्याकडे पाहून जे ओळखले, ते मला त्या विद्वत्तापूर्ण उपपत्तीच्या तोडीचे वाटते. याच्याच जोडीला दुसरे एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. पुण्यातील एक स्वमग्न तरुणी गणेशोत्सवात पथकात ढोल वाजवते, आणि तीच तरुणी भोजनालयात फरशीवर ओढलेल्या खुर्चीच्या किरकिराटाने जेवण अर्धे टाकून उठते. तिच्या मैत्रिणींना हे ढोंग वाटे. पण ढोलाचा प्रत्येक ठोका तिला आधीपासून माहीत असतो आणि तो तिच्या हातातील टिपरूने पडतो. खुर्ची कोण केव्हा ओढील हे तिला कसे कळावे?

अशा मंडळींपैकी पुष्कळ जण कधी ना कधी कानाच्या डॉक्टरकडे जाऊन येतात, आणि श्रवणमापनाचा आलेख पाहून 'तुमचे कान उत्तम आहेत' असा निर्वाळा घेऊन परततात. निर्वाळा खोटा नसतो. मंदातला मंद कोणता ध्वनी ऐकू येतो याची ती परीक्षा असते, आणि त्या परीक्षेत स्वमग्न व्यक्ती बहुधा इतरांसारख्याच उतरतात. त्रासाचे मोजमाप दुसऱ्या टोकाला करावे लागते : आवाज हळूहळू वाढवीत नेला असता तो कोणत्या पातळीवर असह्य होतो, हे पाहावे लागते, आणि ती पातळी पुष्कळ स्वमग्न व्यक्तींच्या बाबतीत खाली असते. डेसिबेलची मोजणी साधी बेरीज-वजाबाकी नव्हे, दर 10 डेसिबेलला ध्वनीची तीव्रता दसपट होते, हे ध्यानात घेतले म्हणजे ही पातळी थोडी खाली असण्याचाही अर्थ केवढा आहे ते कळेल. याखेरीज चघळण्याचा, घोट घेण्याचा किंवा पेनचे बटण दाबत राहण्याचा असा एखादा विशिष्ट बारीक आवाज संताप आणतो, तो प्रकार निराळा असून त्याला मिसोफोनिया म्हणतात. तो स्वमग्नता नसलेल्यांतही आढळतो. त्याचा विस्तार येथे करीत नाही.

अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी 2021 साली पूर्वीच्या अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून असा हिशेब मांडला की, स्वमग्न व्यक्तींपैकी सुमारे 40 टक्के लोकांना कोणत्याही एका वेळी आवाज असह्य होण्याचा त्रास असतो, आणि सुमारे 60 टक्के लोकांना तो आयुष्यात केव्हा ना केव्हा झालेला असतो. म्हणजे तो सर्वांना होत नाही, हेही तितकेच लक्षात ठेवावयास हवे; काही जण तर मोठा आवाज हौसेने शोधतात.

आतापर्यंत त्रासाचीच बाजू मांडली. पण जे कान आवाज गाळून टाकीत नाहीत त्यांच्या पदरी काही अधिकही पडते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील ॲना रेमिंग्टन व जेक फेअर्नी यांनी 2017 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने मला फार बोलका वाटतो. प्रौढ व्यक्तींना एक ध्वनिमुद्रण ऐकवण्यात आले, ज्यात काही स्त्रिया व काही पुरुष एका समारंभाची तयारी करता करता बोलत होते. ऐकणाऱ्यांनी केवळ स्त्रियांच्या संभाषणाकडे लक्ष द्यावयाचे होते. मध्येच एक मनुष्य त्या दृश्यातून चालत जातो आणि 'मी गोरिला आहे' असे पुनःपुन्हा म्हणत राहतो. मुद्रण संपल्यावर, काही विचित्र ऐकू आले काय, असे विचारता स्वमग्नता नसलेल्या श्रोत्यांपैकी साधारण आठांत एकालाच तो गोरिला ऐकू आल्याचे आठवले. स्वमग्न श्रोत्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी तो ऐकला होता. त्यांनी स्त्रियांच्या संभाषणाकडे दुर्लक्ष केले म्हणून तो ऐकू आला असे म्हणावे, तर नेमून दिलेल्या कामात ते मागे पडले नव्हते. म्हणजे त्यांचे अवधान विचलित झाले नव्हते. त्यांच्या श्रवणाचा आवाकाच मोठा होता आणि काम भागवून उरलेल्या जागेत तो मनुष्यही सामावला. आपण ज्याला एकाग्रतेचा अभाव म्हणतो त्यात कित्येकदा ग्रहणशक्तीचे आधिक्य असते, हा या प्रयोगाचा आशय शिक्षकांनी आणि कचेरीतील वरिष्ठांनी मनावर घ्यावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. अशा कानाला शांत खोलीत संगीताच्या एका तुकड्यातील चार वाद्ये वेगवेगळी ऐकू येतात; आणि हाच कान बसस्थानकावर वाहकाची घंटा, फेरीवाल्याची हाक, ध्वनिक्षेपकावरील सूचना आणि शेजाऱ्याच्या मोबाइलमधील चित्रफीत या सर्वांना एकाच वेळी आत घेतो.

मूल कानांवर हात ठेवते तेव्हा त्याचा त्रास निदान दिसतो तरी. प्रौढाने हात खाली ठेवावयास शिकलेले असते. शाळेत मिळालेल्या टोमण्यांनी, मुलाखतीत बसलेल्या धक्क्यांनी, सासरच्या माणसांच्या नजरांनी त्याला इतके पढवलेले असते की आवाज झाला असता चेहऱ्यावरची रेषाही हलू न देण्याची कला त्याला साधते, आणि मग पाहणारे म्हणतात की वयाबरोबर हा त्रास गेला. लंडनमध्ये 2009 साली 18 स्वमग्न प्रौढांचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांपैकी 17 जणांच्या संवेदनांमध्ये कोणत्या ना कोणत्या बाबतीत टोकाचे वेगळेपण आढळले. संख्या लहान आहे. परंतु वय वाढल्याने ही गोष्ट आपोआप मिटते ही समजूत दूर होण्यास ती पुरेशी आहे.

वर उल्लेखिलेल्या गृहस्थांचा दिवस मी जवळून पाहिला आहे. दुसऱ्या कोणाला तासभर लागावा असा जुना फेरफार ते दहा मिनिटांत काढून देतात. पण लोखंडी कपाटाचे दार आपटले, शिपायाने कागदांचा रुमाल उंचावरून मेजावर टाकला, दोन मोबाइल एकदम निरनिराळ्या सुरांत वाजू लागले की त्यांच्या मानेवर घाम फुटतो, आणि ओळीवर ठेवलेले बोट तिथेच थबकते. ते काही बोलत नाहीत. लोकशाही दिनाच्या गर्दीत सबंध सकाळ हसतमुखाने काढतात. संध्याकाळी घरी आल्यावर मात्र दिवा न लावता आतल्या खोलीत दीड-दोन तास बसून राहतात, आणि त्या वेळात त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही. फुटावा अशी त्यांची इच्छा असूनही फुटत नाही. पत्नीला वर्षानुवर्षे वाटत आले की हे रागावून बसले आहेत. या अवस्थेला हल्ली शटडाउन म्हणतात. काहींच्या बाबतीत हाच ताण रडण्या-ओरडण्याच्या रूपाने बाहेर पडतो, त्याला मेल्टडाउन म्हणतात. दोन्हींचा हट्टाशी किंवा रागाशी संबंध नाही. दिवसभर शरीराने प्रत्येक आवाजाला संकटासारखे तोंड दिलेले असते आणि त्याची ही थकबाकी असते.

उपायांच्या बाबतीत बाजारात मिळणाऱ्या साधनांविषयी थोडे सांगितले पाहिजे. नॉइज कॅन्सलिंग हेडफोन पंखा, वातानुकूलन यंत्र, विमान किंवा बस यांची खालच्या पट्टीतली अखंड घरघर चांगली मारतात. शिट्टी, भांड्यांचा खणखणाट, लहान मुलाची किंकाळी असे अवचित व उंच आवाज ते तितकेसे अडवू शकत नाहीत, त्यांसाठी कानात घालावयाचे फोमचे बोळेच अधिक उपयोगी पडतात. मात्र बोळे चोवीस तास घालून बसू नये. अमेरिकेत 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात साध्या निरोगी स्वयंसेवकांनी दोन आठवडे जवळजवळ अहोरात्र बोळे वापरले, तेव्हा त्यांना आवाज पूर्वीपेक्षा मोठे वाटू लागले. बाहेरचा ध्वनी कमी पडला की श्रवणसंस्था आपली आतली तीव्रता वाढवून घेते. तेव्हा बाजारात, प्रवासात, समारंभात ते जरूर वापरावेत आणि घरच्या शांततेत काढून ठेवावेत. ही साधने वापरणाऱ्या प्रौढाला 'कानात काय कोंबलंय?' असे चारचौघांत विचारू नये, ही अपेक्षा फार मोठी नाही.

कायद्याकडे पाहावे तर ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम वस्तीच्या भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबेलची मर्यादा घालतात, आणि रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्या सभोवार किमान 100 मीटरचे शांतता क्षेत्र जाहीर करण्याची तरतूद करतात. हे नियम सर्वांच्याच हिताचे आहेत आणि त्यांची अंमलबजावणी कसोशीने व्हावी. परंतु त्यांची भाषा डेसिबेलची आहे, आणि चौथ्या शिट्टीचा प्रश्न डेसिबेलमध्ये मावत नाही. त्यासाठी 2016 सालच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याकडे वळावे लागते. त्यातील 21 प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे, आणि दिव्यांग कर्मचाऱ्यास वाजवी सोय पुरवणे हे शासकीय आस्थापनेचे कर्तव्य ठरवलेले आहे. प्रमाणपत्रासाठी आपल्याकडे जी 40 कलमांची भारतीय मोजपट्टी वापरतात, तिच्या सहा विभागांपैकी एक विभाग संवेदनांचाच आहे. तेव्हा अर्जदाराने आवाजाचा त्रास तपासणीच्या वेळी संकोच न करता, उदाहरणांसह सांगावा.

आमच्या गृहस्थांनी प्रमाणपत्र मिळाल्यावर वरिष्ठांकडे जो अर्ज केला त्यात शांततेची मागणी नव्हती. मेज दारापासून दूर भिंतीलगत हलवावे, रुमाल टाकण्याऐवजी ठेवावेत, दालनातील मोबाइल मूक ठेवावेत, आणि अग्निशमनाची घंटा तपासावयाची असेल त्या दिवशी सकाळीच कळवावे, एवढ्याच बाबी होत्या. आणि वरिष्ठांनी त्या हुकूम काढून मंजूर केल्या. यासाठी खजिन्यातून पैसाही खर्च झाला नाही. दवाखान्यांनी असा विचार करावयाचे अजून पुष्कळ बाकी आहे. बाहेर शांतता क्षेत्राची पाटी असते आणि आत प्रतीक्षागृहात दूरदर्शन संच मोठ्याने चालू असतो. ज्याला ते सोसवत नाही त्याला आवारात थांबण्याची मुभा देऊन पाळी आल्यावर फोन करणे कोणत्याही दवाखान्याला जमण्यासारखे आहे. दातांच्या बाबतीत तर कितीतरी स्वमग्न प्रौढ केवळ यंत्राच्या आवाजाच्या धास्तीने दुखणे अंगावर काढतात. या गृहस्थांना अखेर एक समंजस दंतवैद्य भेटले. यंत्र सुरू करण्यापूर्वी 'आता पाच अंक मोजेन, मग थांबेन' असे ते सांगत, मोठ्याने मोजत आणि पाचाला खरोखरच थांबत; मध्येच सहन झाले नाही तर डावा हात वर करावा, यंत्र तत्क्षणी बंद होईल, असेही त्यांनी आधी ठरवून दिले होते. पहिल्या दिवशी तो हात पुष्कळदा वर गेला, नंतर क्वचित. आणि कित्येक वर्षे लांबणीवर पडलेले दोन दाढांचे काम त्या महिन्यात पुरे झाले.